गोळी आज, गुण महिन्याने

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत गेली पंचवीस वर्षे काम करणारे एक सहायक आहेत. विद्यार्थी आणि आम्ही प्राध्यापक, सगळेच त्यांना मामा म्हणतो. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी प्रात्यक्षिके संपल्यावर ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. घरच्या मंडळींची तब्येत बरी नव्हती. झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणे नाही. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी नैराश्याचा आजार, म्हणजे डिप्रेशन, असे निदान केले आणि गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवस झाले तरी काही फरक दिसेना. उलट तोंड कोरडे पडू लागले. तेव्हा त्यांनी आपल्या मनानेच गोळ्या बंद केल्या होत्या.

“सर, तापाची गोळी घेतली की तासाभरात ताप उतरतो. ही कसली गोळी, जिला महिना-दीड महिना लागतो? औषधात काही दम नसणार.”

“मामा, गोळ्या बंद करायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारा, आजच जा,” एवढेच मी म्हणालो. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वाचायला लागलो तेव्हा लक्षात आले की मामांनी विचारलेला प्रश्न हा औषधशास्त्रातला एक मोठा प्रश्न आहे आणि त्याने संशोधकांना पन्नासांहून अधिक वर्षे कामाला लावले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज आपण त्याच प्रश्नाचा माग काढू.

दोन पेशींमधली फट

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीच्या तंतूमधून संदेश विजेच्या स्पंदाच्या रूपाने धावतो, हे तुम्ही वाचले असेल. परंतु एका पेशीच्या तंतूचे टोक दुसऱ्या पेशीला बहुधा टेकलेले नसते. मध्ये एक फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. डोक्यावरचा केस ८० मायक्रोमीटर जाड धरला, तर त्याच्या जाडीत अशा ४००० फटी मावतील. या जागेला चेतासंधी म्हणतात.

विजेचा स्पंद ही फट ओलांडत नाही. स्पंद टोकाशी आला की तिथल्या सूक्ष्म पिशव्या उघडतात आणि त्यांतले रसायन फटीत सांडते. पलीकडच्या पेशीवर ते रसायन ओळखणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. रसायन ग्राहीला चिकटले की संदेश पोहोचला. फट इतकी अरुंद आहे की रेणूंना ती पार करायला एका सेकंदाचा लाखावा भागही लागत नाही.

अशा निरोप्या रसायनांपैकी एक म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ते चेतातंतूंत असते हे दाखवले. पुढे १९५४ साली मार्था फोग्ट यांनी ते मेंदूतही असते आणि मेंदूच्या काही भागांत जास्त, काही भागांत कमी असते, हे मोजून दाखवले.

मेंदूत हे रसायन वापरणाऱ्या पेशींचे मुख्य ठाणे मेंदूच्या देठात आहे. त्याचे नाव लोकस सेरुलिअस, म्हणजे ‘निळी जागा’. माणसात इथे जेमतेम ५० हजार पेशी असतात. मेंदूतल्या सुमारे १७ लाख पेशींमागे एक! पण यांच्या तंतूंचे जाळे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असते. एखाद्या गावात एकच भोंगा असावा आणि तो वाजला की सारे गाव सावध व्हावे, तसे हे ठाणे काम करते. जाग, लक्ष, हुशारी, संकटातली धडपड या सर्वांशी त्याचा संबंध आहे. नैराश्याच्या आजारात नेमक्या याच गोष्टी मंदावतात, हे ध्यानात घ्या.

योगायोगाने सापडलेली औषधे

नैराश्यावरची पहिली औषधे कोणी हिशेब मांडून शोधली नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध दिले जात होते. तेव्हा असे दिसले की रोगी फारच उत्साही होऊ लागले आहेत. हे औषध नॉरॲड्रेनॅलिनसारखी रसायने मोडणाऱ्या एका विकराला अडवते, असे पुढे कळले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे डॉ. रोलांड कून वेगळ्याच मानसिक विकारासाठी इमिप्रामिन हे औषध तपासत होते. त्या विकाराला ते उपयोगी पडले नाही. पण खोल नैराश्यातले रोगी मात्र त्याने सुधारू लागले. हा निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध झाला.

याच सुमारास एक उलटा पुरावाही मिळाला आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर तिचा उपयोग तपासून १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पिन त्या सूक्ष्म पिशव्यांमधला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. या नोंदी वाटल्या तितक्या पक्क्या नव्हत्या, असे नंतरच्या तपासणीत आढळले. पण त्या काळी त्यांचा प्रभाव मोठा होता.

मांजर, ट्रिटियम आणि ॲक्सलरॉड

इमिप्रामिन नेमके काय करते, याचे उत्तर अमेरिकेतल्या ज्यूलियस ॲक्सलरॉड यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. सांडलेले नॉरॲड्रेनॅलिन फटीतून नाहीसे कसे होते, हा त्यांचा प्रश्न होता. विकर ते मोडून टाकत असतील, असा सर्वांचा समज होता. ॲक्सलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम हे किरणोत्सारी समस्थानिक असलेले नॉरॲड्रेनॅलिन वापरले. ट्रिटियममधून बाहेर पडणारे बीटा कण मोजले की रसायन कुठे गेले ते कळते. मांजराच्या एका बाजूच्या चेता आधीच काढून टाकलेल्या होत्या. मग खुणेचे हे रसायन टोचले. ज्या बाजूला चेता शाबूत होत्या तिथे ते साठले; ज्या बाजूला नव्हत्या तिथे फारसे साठले नाही.

अर्थ स्पष्ट होता. ज्या चेतातंतूने रसायन सांडले, तोच ते पुन्हा आत ओढून घेतो! १९६१ साली हे प्रसिद्ध झाले आणि इमिप्रामिन ही ओढून घेण्याची क्रिया अडवते, हेही दिसले. १९७० साली ॲक्सलरॉड, फॉन ऑयलर आणि बर्नार्ड काट्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सगळे जुळल्यासारखे वाटले. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी उपपत्ती मांडली की नैराश्यात, निदान काही रुग्णांत, मेंदूतल्या महत्त्वाच्या जागी नॉरॲड्रेनॅलिन कमी पडत असावे. औषध ते फटीत टिकवून धरते, म्हणून माणूस बरा होतो. किती सुटसुटीत!

घड्याळाची अडचण

पण या सुटसुटीत उपपत्तीला मामांचा प्रश्न आडवा येतो. औषध काही तासांतच रसायन ओढून घेण्याची क्रिया अडवते. मग आजार त्याच संध्याकाळी का उतरत नाही? थोडी सुधारणा पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागते, हे खरे. पण पुरता गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “सर, औषध अंगात साठायला वेळ लागत असेल.” शंका रास्त आहे, तपासून पाहू. इमिप्रामिनपासून शरीरात डेसिप्रामिन तयार होते आणि ते नॉरॲड्रेनॅलिनची ओढ विशेष जोराने अडवते. त्याचा अर्धायुष्यकाल साधारण एक दिवस धरू. रोज तेवढीच मात्रा घेतली, तर रक्तातली पातळी पहिल्या दिवसानंतर अंतिम पातळीच्या ५० टक्के, दुसऱ्यानंतर ७५, तिसऱ्यानंतर ८७.५, आणि पाचव्यानंतर ९७ टक्के होते. म्हणजे आठवड्याभरात औषध पुरते भरलेले असते. उरलेल्या आठवड्यांचा हिशेब यातून लागत नाही.

जेव्हा कारण आणि परिणाम यांच्यामध्ये असा वेळ जातो, तेव्हा मध्ये काहीतरी हळूहळू बदलत असले पाहिजे. काय बदलते?

टाकीतला गोळा

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाने पाणी येते, खाली तोटीतून जाते. नळाच्या दांडीला एक पोकळ गोळा असतो. पाणी चढले की गोळा वर उचलला जातो आणि नळ आवळतो. पाणी उतरले की गोळा खाली येतो आणि नळ सुटतो. यालाच आपण फीडबॅक म्हणतो: पातळीची खबर मागे जाते आणि आवक कमी-जास्त होते.

नॉरॲड्रेनॅलिन सांडणाऱ्या तंतूच्या टोकावर अगदी असाच गोळा आहे. त्याचे नाव आल्फा-२ ग्राही. फटीतले रसायन वाढले की ते याही ग्राहीला चिकटते आणि ‘पुरे, आता कमी सोडा’ अशी खबर मिळते. असेच ग्राही त्या निळ्या जागेतल्या पेशींवरही असतात आणि त्या पेशींचे स्पंद कमी करतात.

आता औषधाचा पहिला दिवस. औषधाने तोटी आवळली. पाणी चढू लागले. पण लगेच गोळा उचलला गेला आणि नळही आवळला गेला. पातळी थोडी वाढली आणि तिथेच थांबली. पहिल्या मात्रेनंतर निळ्या जागेतल्या पेशींचे स्पंद मंदावतात, हे उंदरांवरील प्रयोगांत प्रत्यक्ष मोजलेले आहे. औषध काम करत आहे. मेंदूही त्याला विरोध करत आहे.

पण तोटी आठवडेच्या आठवडे आवळलेली राहिली तर? गोळा सतत पाण्यात दाबलेला राहतो. जुन्या गोळ्यात पाणी झिरपते, तो जड होतो आणि पूर्वीसारखा उचलला जात नाही. मग नळ जास्त सुटतो आणि पातळी खऱ्या अर्थाने चढते. १९७८ साली क्रूज आणि स्मिथ यांनी उंदरांना तीन आठवडे डेसिप्रामिन देऊन हेच दाखवले. तंतूंच्या टोकांवरचे आल्फा ग्राही बोथट झाले होते आणि तंतू जास्त रसायन सोडत होते. एका दिवसाच्या औषधाने हा बदल होत नाही.

ऐकणारा कानही बदलतो

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण फटीच्या पलीकडे पाहिले की ती गुंतागुंतीची होते.

पलीकडच्या पेशीवर नॉरॲड्रेनॅलिनचे बीटा ग्राही असतात. त्यांना रसायन चिकटले की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो. १९७५ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात येझी वेतुलानी आणि फ्रिडोलिन सुल्सर यांनी उंदरांच्या मेंदूच्या कापांवर नॉरॲड्रेनॅलिन टाकून किती सायक्लिक एएमपी तयार होते ते मोजले. उंदरांना दीर्घकाळ नैराश्याचे औषध दिलेले असेल, तर हा प्रतिसाद कमी झालेला आढळला. नैराश्यावरच्या विजेच्या उपचारानेही असेच घडत होते. किरणोत्सारी खुणेच्या पद्धतीने मोजल्यावर १९७७ साली दिसले की बीटा ग्राहींची संख्याच घटली आहे.

गोंगाटाच्या कारखान्यात काम करणाऱ्याने कानात बोळे घालावेत, तसे हे झाले. रसायन वाढले, म्हणून ऐकणाऱ्याने कान झाकला. आता सांगा, दीर्घ उपचाराने नॉरॲड्रेनॅलिनचा संदेश वाढला की घटला? सोडणारा जास्त सोडतो आहे, घेणारा कमी घेतो आहे. आल्फा-१ नावाचे तिसऱ्या प्रकारचे ग्राही तर अशा रीतीने घटतच नाहीत. म्हणजे ‘वाढला’ किंवा ‘घटला’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. साऱ्या यंत्रणेची जुळणीच नव्याने झाली, असे म्हणणे अधिक बरोबर.

कमतरता हाच आजार काय?

या प्रश्नाची चाचणी १९९० च्या दशकात येल विद्यापीठात झाली. शरीरात नॉरॲड्रेनॅलिन तयार होण्याची क्रिया थोडा काळ रोखणारे एक द्रव्य आहे. डेसिप्रामिनसारख्या औषधाने बऱ्या झालेल्या रुग्णांना ते दिले, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांचे नैराश्य थोड्या काळासाठी परतले. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर काम करणाऱ्या औषधाने जे बरे झाले होते, त्यांच्यात सहसा असे घडले नाही. आणि निरोगी माणसांना तेच द्रव्य दिले, तर त्यांना नैराश्याचा आजार झाला नाही.

हा निष्कर्ष दोनदा वाचा. नुसत्या कमतरतेने आजार होत नाही. म्हणून ‘रसायन कमी, म्हणून आजार’ हे समीकरण चुकीचे ठरते. पण ज्यांना नॉरॲड्रेनॅलिनच्या औषधाने गुण आला, त्यांचा गुण टिकायला ते रसायन लागते. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर लागते, याचा अर्थ अंगात प्लॅस्टर कमी होते म्हणून हाड मोडले असा होत नाही.

टाकीच्या गोळ्याने तरी उशिराचे संपूर्ण उत्तर मिळते का? मिर्टाझापिन हे औषध आल्फा-२ ग्राही थेट अडवते; म्हणजे गोळा पहिल्या दिवसापासूनच निकामी. तरीही पुरता गुण यायला त्यालाही आठवडेच लागतात. तेव्हा उशिराची मुळे आणखी पुढे, पेशीच्या आत असली पाहिजेत. दीर्घ उपचाराने पेशीकेंद्रातली काही जनुके जागी होतात आणि चेतापेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिने जास्त तयार होतात, हे १९९० च्या दशकात उंदरांत दिसले. २००० साली उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशींची भर पडत असल्याचेही आढळले. नवी जोडणी वाढायला दिवस लागणारच. त्याच वर्षी केटामिन या भूल देण्याच्या औषधाचा अल्प मात्रेत काही तासांत परिणाम होतो, असे प्रसिद्ध झाले. ते वेगळ्याच रसायनाच्या वाटेने जाते. म्हणजे उशीर हा आजाराचा अटळ नियम नाही. तो या औषधांच्या वाटेचा गुणधर्म आहे.

मामांना दिलेले उत्तर

हे सगळे वाचून झाल्यावर मी मामांना टाकीचे चित्र काढून दाखवले. “तोंड कोरडे पडते आहे, म्हणजे औषध पोहोचले आहे. तो त्रास थेट परिणामाचा, म्हणून पहिल्या दिवसापासून. गुण मात्र औषधाचा थेट परिणाम नव्हे. औषधाच्या रेट्याला मेंदू जे उत्तर देतो, त्यातून तो येतो. त्या उत्तराला वेळ लागतो.” मामा टाकीकडे पाहत म्हणाले, “म्हणजे मी गोळा जड व्हायच्या आतच तोटी सोडून दिली.” मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

ते तोवर डॉक्टरांकडे जाऊन आले होते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सुमारे सात आठवड्यांनी मामी स्वतःहून बाजारात जाऊ लागल्या. एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पहिलेच औषध प्रत्येकाला लागू पडते असेही नाही. कित्येकांना ते बदलावे लागते, आणि बोलून करायचे मानसोपचारही तितकेच महत्त्वाचे असतात. पण दहाव्या दिवशी ‘दम नाही’ असा निकाल देणे म्हणजे प्रयोग अर्धवट टाकून अनुमान लिहिणे होय.

आणखी एक गोष्ट याच चित्रातून कळते. जुळणी बदललेली असताना औषध एकाएकी थांबवले, तर यंत्रणेला पुन्हा गडबडीने जुळवून घ्यावे लागते. म्हणून ही औषधे बंद करायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः रुग्ण तुमच्या वयाचा असेल तर, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी त्याच्यावर अधिक लक्ष ठेवायचे असते. तुमच्या घरात, वर्गात किंवा तुमच्या स्वतःच्या मनात असे काही चालले असेल, तर ते लपवू नका. शिक्षकांना, आईवडिलांना सांगा. भारत सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.

करून पाहा

तीन पातेली घ्या. एकात सोसेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात गार, तिसऱ्यात कोमट. डावा हात गरम पाण्यात आणि उजवा गार पाण्यात दोन मिनिटे ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. पाणी एकच, पण दोन हात काय सांगतात? दोन मिनिटांत काय बदलले, पाणी की हात?

विचार करा

१. एखाद्या औषधाचा अर्धायुष्यकाल दोन दिवस आहे. रक्तातली पातळी अंतिम पातळीच्या ९० टक्क्यांच्या वर जायला किती दिवस लागतील?

२. टाकीच्या उदाहरणात बीटा ग्राहींची जागा कशाला द्याल? ती देता येत नसेल, तर हे उदाहरण कुठे अपुरे पडते?

३. चष्मा लावल्यावर डोके दुखायचे थांबले. यावरून ‘अंगात चष्मा कमी होता’ असे का म्हणता येत नाही? येलच्या चाचणीशी याची तुलना करा.